न उलटलेलं पान

वेल्हे, ५ ऑगस्ट २०२५

चि. प्रेरणास मायाआत्याचा जयभीम आणि आशीर्वाद.

वि. वि. फोनवर तुझी नुसती घाई, म्हणून लिहिते. विहारात वर्षावासाचं ग्रंथवाचन सुरू झालं आणि तुझ्या बाबांची लई आठवण आली. विहारातून आला की दादा माझ्या ओट्यावर मराठीत आलेली फ्रेंच कादंबरी मोठ्यानं वाचायचा आणि मी तांदूळ निवडायचे. हे जुने फ्रेंच लेखक भाकरीपासून घरभाड्यापर्यंत सगळं लिहितात, खोटं म्हणून काही लिहीत नाहीत, हे त्याचं पालुपद.

त्याच्या पहिल्या स्मृतिदिनाला ती हातमोजे शिवणारीची कादंबरी घेऊन ये आणि शेवटचं प्रकरण सगळ्यांसमोर वाच. माझ्यासारखीच नवऱ्यानं टाकलेली ती बाई दुकान थाटते, ते ऐकूनच मी शिलाई मशीन घेतलं. आपल्याकडे हातमोजे कोण घालतंय, म्हणून झंपर!

चहा कमी पी. लोभ आटू देऊ नकोस.

तुझी,
मायाआत्या

भोर, १२ ऑगस्ट

ती. आत्यास प्रेरणाचा सविनय जयभीम.

बाबांच्या कपाटात पुस्तक सापडलं. शेवटपर्यंत वाचलं. आत्या, त्यात दुकान कुठंच नाही गं. ती बाई इस्पितळात बेवारशी मरते आणि कादंबरी संपते. दुकान बाबांनी पदरचं घातलं.

आई म्हणाली, माया वन्संना सांगू नकोस, त्यांचा जीव तुटेल. पण चारचौघांत छापलेलं वाचलं तर बाबा खोटे ठरतील, आणि ते मला सोसवणार नाही. काय वाचू?

रागावू नकोस, जीव लाव तसाच.

तुझी,
प्रेरणा

वेल्हे, १८ ऑगस्ट

चि. प्रेरणास आशीर्वाद.

वेडी गं वेडी! मला हे तेव्हाच कळलं होतं. तेव्हा अक्षर येत नव्हतं, डोळे तर होते? छापलेला शेवट काय ते तेवढं ठाऊक नव्हतं, म्हणून तुला वाच म्हटलं.

आज सांगते. दादानं शेवटचं प्रकरण वाचलं त्या दुपारी तांदूळ निवडून झाले की विहीर जवळ करायची, असं मी ठरवलं होतं. कुणाला बोलले नव्हते, पण दादानं ओळखलं असावं. दुकानाची फळी, गिऱ्हाइकं, घासाघीस, सगळं वाचत राहिला. दिवेलागण झाली तरी मला उठू देईना. आणि एवढ्या वेळात त्यानं पान एकदाही उलटलं नाही. मी त्याला हे कधी बोलून दाखवलं नाही. फ्रेंच लेखक खोटं लिहीत नसतील, पण वाचणारा माझा भाऊ होता.

तू सकाळच्या एसटीनं ये. आईलाही आण, तिचा झंपर शिवून ठेवलाय. पुस्तक उघड, शेवटाजवळ बोट ठेव आणि दुकानाचं तुला सुचेल तसं वाच. पान तेवढं उलटू नकोस.

वाट पाहणारी,
मायाआत्या