आमच्या वॉर्डातली ती नवी

प्रिय ताई,

तुला आणि भावजींना नमस्कार (हात कोपरापर्यंत धुऊन जोडले आहेत, काळजी नसावी). भावजींना जिना चढताना अजून धाप लागते का? त्यांच्या हृदयाच्या झडपेचं ऑपरेशन माझी ड्यूटी बघूनच ठेवायचं, म्हणजे जवळ घरचं माणूस असेल, असं तू लिहिलंस. ते पत्र घेऊन मी वॉर्डभर मिरवले.

पण माझा नुसता जळफळाट चाललाय गं! आमच्या अतिदक्षता विभागात एक नवी नर्स आली आहे. माझी जेवढी नोकरी तेवढं तिचं वय. तिच्या एकाही पेशंटला चार महिन्यांत शिरेत घातलेल्या नळीतून जंतुसंसर्ग झालेला नाही. (माझ्या दोघांना झाला. दोघेही बरे होऊन चालत घरी गेले, पण ते कोणी सांगत नाही.) मोठे डॉक्टर उठता-बसता तिचं कौतुक करतात. ती करते काय, तर रोज सकाळी त्यांना विचारते, ही नळी आज हवीच आहे का? नको म्हणाले की काढून टाकते. नळीच नाही तर संसर्ग होणार कुठून? यात कसली आलीये हुशारी? (मला चोवीस वर्षांत सुचलं नाही, ती गोष्ट वेगळी.)

म्हणून मी तिच्यावर पाळत ठेवली. ती हात धुताना सेकंद मोजले, तर पठ्ठी माझ्यापेक्षा दहा सेकंद जास्तच धुते. परवा मी एका आजोबांच्या मानेतल्या नळीची पट्टी बदलत होते. निर्जंतुक हातमोजे चढवले, आणि शेजारच्या पलंगापाशी ती काही चुकते का ते नीट दिसावं म्हणून चष्मा वर सरकवला. त्याच हाताने! आता नळीला हात लावणार, तोच ती म्हणाली, "सिस्टर, थांबा. चष्म्याला हात लागला तुमचा. मोजे बदला, मी नवा ट्रे देते." तेही मोठ्या डॉक्टरांदेखत! मेल्याहून मेल्यासारखं झालं. बरं, तिच्यावर ओरडायचीही सोय नाही. चूक दिसेल त्याने थांबवावं, समोर कोणीही असो, हा नियम मीच लिहून भिंतीवर चिकटवलाय. आजोबांना साधी कणकणसुद्धा आली नाही. कौतुक अर्थात तिचं.

तुझी (जळून कोळसा झालेली) धाकटी

ता. क. तिच्याबद्दल एक चांगला शब्द लिहिलास तर याद राख.

आणखी एक ता. क. ऑपरेशन सोमवारी नको, गुरुवारी ठेवा. गुरुवारपासून चार दिवस भावजींच्या पलंगापाशी तिची ड्यूटी लागेल, तशी गळ मीच घातली आहे. मी सुट्टी घेतली आहे. बाहेर तुझ्याजवळ बसेन.