चॅसीवरचा नंबर

व्हर्लिन,

बाबांचा ट्रक तपासणीत अडकला. भंगारातल्या चॅसीवर तू तो पुन्हा कसा उभा केलास, याचं तपासनीस आधी कौतुक करत होता. मग खाली वाकून त्याने चॅसीवरचा नंबर वाचला आणि चोरीच्या गाड्यांच्या यादीत शोधला. नंबर शेजारच्या लोर्नाच्या नवऱ्याच्या गाडीचा निघाला. तो बेपत्ता झाला, तेव्हापासून ती गाडीही सापडलेली नाही. ट्रक त्यांनी ठेवून घेतलाय.

पोलिसांच्या आधी लोर्नाला सांगायला मी जातेय. पोरं आईकडे आहेत.

ज्याच्याकडून तू चॅसी आणलीस, तो भंगारवाला हार्लन मघाशी दारात आला होता. "पास झाला का ट्रक?" म्हणाला. तपासणीचं मी त्याला बोलले नव्हते. तो परत आला तर दार उघडू नकोस.

तुला यातलं काही ठाऊक नव्हतं, असं मी तिथे शपथेवर सांगून आलेय. आता तेच मला तुझ्या तोंडून ऐकायचंय.

नदीन