न वाचलेलं नाव

ता. ३ ऑक्टोबर

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

रडलास म्हणे. हमसून हमसून रडलास, आणि डोळे पुसायला खिशातून इस्त्रीचा रुमाल काढलास म्हणे. रडायचं आधीच ठरलं होतं का रे?

आपली मामेबहीण त्या रविवारी तुझ्या चर्चच्या मंडळीत होती. परत आली ती तोंडभर हसत, माझं अभिनंदन करायला. तुझ्या भावानं काय साक्ष दिली गं, म्हणाली, दगडाला पाझर फुटेल. तरुणपणी तुझ्या हातून पाप घडलं, एका बाईचा हात गेला, दोष दुसऱ्याच एका बांधवानं वाहिला, आणि आता प्रभूनं तुला धुऊन स्वच्छ केलंय, असं तू सांगितलंस. सगळे आमेन म्हणाले. पाळकांनी तुला मिठी मारली. मी तिला विचारलं, कुठली बाई? तर ते त्यानं सांगितलं नाही म्हणाली. कोण बांधव? तेही नाही. बिचारी चहा पिऊन गेली. कुणाच्या घरात बसून पीत होती ते तिला कळलंच नाही.

तू अर्धीच साक्ष दिलीस. उरलेली मी लिहिते, तुझ्या पाळकांना वाचून दाखव.

लॉंड्रीत तू मशीनवर होतास. चादरी तापलेल्या रोलरमधून काढायच्या. रोलरपुढे एक लोखंडी दांडी. हात पुढे गेला की दांडीला लागणार आणि मशीन थांबणार. पण चादर गोळा झाली तरी दांडीला लागायची आणि मशीन थांबायचं. तुला कुठे दम धरवतोय! तू दांडी तारेनं मागे बांधलीस, हे मला आता कळलं. चादरवालीचा हात आत गेला, मशीन थांबलं नाही. माझा नवरा, तुझे दाजी, तिथले मुकादम. ते धावले, मशीनखाली हात घातला, तार चाचपून तोडली. तळव्याची सालटी निघाली. आणि त्याचाच पुरावा झाला. मालक म्हणाला, तार कुठे बांधलीय ते तुला बरं लगेच सापडलं? ज्यानं बांधली त्यालाच सापडणार.

मालकच मंडळीचा पंच. कामावरून काढलं तो सोमवार, प्रभुभोजनाच्या मेजावरून काढलं तो रविवार. पश्चात्ताप कर, मग प्रभुभोजनाला ये. हे म्हणाले, मी केलंच नाही, कुणी केलं ते ठाऊक नाही. तर म्हणे हा निगरगट्ट आहे. त्यानंतर दर भोजनाच्या रविवारी हे मागच्या बाकावर बसायचे, भाकरीचं ताट आलं की स्वतःच्या हातानं शेजारच्याला द्यायचे. शेवटचं दुखणं आलं तेव्हा पाळक प्रभुभोजनाची पेटी घेऊन घरी आले. पुन्हा तेच विचारलं, तू नाही तर कुणी? ह्यांनी ठाऊक नाही अशी मान हलवली, पाळकांनी पेटीचं झाकण लावलं. तू तिथंच होतास. पाळकांसाठी दार उघडून धरलंस.

वर्षातून एकदा आपल्या मंडळीत गेलेल्यांची नावं वाचतात. ज्याचं नाव येईल त्याच्या घरच्यांनी उभं राहायचं. ह्यांचं नाव वाचत नाहीत, मी दर वर्षी बसून असते. या खेपेला तो रविवार अठ्ठावीस तारखेला आहे. तेव्हा इथं यायचं, त्याच चर्चमध्ये उभं राहायचं आणि नाव घेऊन सांगायचं. रुमाल आणला नाहीस तरी चालेल.

तुझी,
ताई

•

ता. ७ ऑक्टोबर

ती. ताईस,
प्रभूमध्ये सलाम वि. वि.

तुझे पत्र मिळाले. आम्ही सर्व प्रभूच्या कृपेने खुशाल आहोत. तुझ्या भावजयीचे गुडघे पावसाळ्यापासून धरले आहेत, तरी बायकांची प्रार्थनासभा तिने एकदाही चुकवली नाही. तुला सलाम सांगते.

तुझ्या पत्रातला राग पाहून मन भरून आले. मी गुडघे टेकले आणि तुझ्यासाठी बराच वेळ प्रार्थना केली. तू मला जे काही लिहिलेस त्याची मी तुला मनापासून क्षमा केली आहे, हे आधी सांगतो, म्हणजे तुझ्या जिवाला घोर राहणार नाही.

ताई, पश्चात्ताप हा मनुष्य आणि त्याचा देव यांच्यामधला असतो. माझे पाप देवाने पूर्व पश्चिमेपासून दूर असते तितके दूर केले आहे. त्याने जे फेकून दिले ते तू आणि मी उकिरड्यातून पुन्हा का वेचावे? साक्षीत मी कुणाचे नाव घेतले नाही ते दाजींच्याच मानासाठी. आणि दाजी आता जिथे आहेत तिथे नावे वाचून दाखवावी लागत नाहीत. उगाच कुणाच्या म्हातारपणात कालवाकालव कशाला? मालक आता काठी घेऊन चालतात असे ऐकतो.

एक आनंदाची बातमी. चार नोव्हेंबरच्या रविवारी मला उपदेशक म्हणून दीक्षा देणार आहेत. पांढरा झगा शिवून आला आहे, बाह्या किंचित लांब झाल्या आहेत. आईबाप तर नाहीत. माझे मोठे माणूस म्हणून तू यावेस, पहिल्या बाकावर बसावेस आणि माझ्या डोक्यावर हात ठेवावास, अशी फार इच्छा आहे. मन हलके करून ये. कडवटपणा हेही पाप आहे, ताई, आणि तो आतून कुरतडतो.

तुझ्या मायेची वाट पाहणारा,
धाकटा

•

ता. ११ ऑक्टोबर

चि. उपदेशकास,
अ. उ. आ.

बाह्या दुमडून आतून टाके घाल. भावजयीला जमत नसेल तर झगा इकडे पाठव, मी घालून देते. शिवण मला येते, क्षमा तेवढी येत नाही.

मी चौथीत शाळा सोडलेली बाई, बोट ठेवून वाचते. तरी वाचलं. शास्त्रात लिहिलंय, वेदीपाशी अर्पण घेऊन गेलास आणि तिथं आठवलं की भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे, तर अर्पण तिथंच सोड, आधी जाऊन त्याच्याशी समेट कर. समेट कर, असं आहे. मंडळीपुढे गळा काढ, असं नाही. तुझ्या पुस्तकात ते पान नाही का? की ते पान पहिल्या बाकावरच्यांना लागू नाही?

आणि तू मला क्षमा केलीस! मी खरंच खुर्चीवर बसले. माझ्या नवऱ्याचं तोंड तू काळं केलंस, त्याबद्दल मी बोलले, म्हणून तू मला क्षमा केलीस. चर्चमध्ये एवढ्या उलट्या पायांची शिकवण कोण देतं ते विचारून ये.

मी काल चादरवालीकडे गेले होते. खानावळीच्या मागे माडीवरच्या खोलीत ती डाव्या हातानं वाटाणे सोलते. उजव्या हाताचं उरलेलं ती पदराखाली ठेवते. तुला ठाऊक आहे, ती चर्चच्या पायरीवर ह्यांच्या तोंडावर थुंकली होती आणि हे तसेच, न पुसता आत जाऊन बसले होते. मला बघून तिनं तोंड फिरवलं. मी उभ्या उभ्या सांगितलं, तार माझ्या भावानं बांधली होती. ती म्हणाली, चालती हो, नवरा मेल्यावर दोष भावावर ढकलतेस. मी जिना उतरले. तिनं वरून हाक मारली. परत चढले.

तिनं एकच विचारलं. म्हणाली, मी ओरडत होते तेव्हा तो कुठे होता? तार कुठे आहे ते त्यालाच माहीत होतं ना? मुकादमाला चाचपत बसावं लागलं, तेवढ्या वेळात कोपरापर्यंत गेलं. त्यानं नुसतं सांगितलं असतं तर बोटांवर भागलं असतं.

हे उत्तर तुझ्याकडे आहे. तू दे. इकडे येऊन तिला दे.

तुझी,
ताई

•

ता. १५ ऑक्टोबर

ती. ताईस,
सलाम.

तू थांबणार नाहीस हे दिसतेच आहे. मग ऐक. हे मी तुला कधी सांगणार नव्हतो.

दाजींना ठाऊक होते. त्याच संध्याकाळी मी त्यांना चादरी वाळवायच्या खोलीत गाठले आणि पाय धरले. ते धुण्याच्या गाठोड्यावर बसले होते, हाताला फडके गुंडाळलेले. फडक्याची गाठ त्यांनी दातांनी आवळली. मग म्हणाले, तुझ्या बहिणीला आई नाही, बाप नाही, तू तेवढा आहेस. हे तिला कळले तर तिला माहेर उरणार नाही. तू दुसरीकडे काम बघ आणि तिच्याकडे येत-जात राहा. एवढे बोलून उठले.

म्हणजे मी त्यांच्यावर काही लादले नाही, ताई. मागच्या बाकावर ते आपल्या खुशीने बसले. पाळक पेटी घेऊन आले तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि मग मान हलवली. ती मान पाळकांसाठी नव्हती, माझ्यासाठी होती.

आता तूच विचार कर. तार कोणी बांधली ते ठाऊक नाही, असे ते पंचांपुढे पुन्हा पुन्हा बोलले. शेवटच्या श्वासापर्यंत बोलले. मी उभा राहून खरे सांगितले तर मंडळीला काय कळेल? की हा माणूस मरताना देवाच्या सेवकासमोर खोटे बोलला. त्यांचे नाव वाचायला तू निघालीस, पण वाचले जाईल ते लबाडाचे नाव. आणि ज्या माहेरासाठी त्यांनी हे सारे सोसले ते तू स्वतःच्या हाताने मोडणार. मग ते एवढी वर्षे कशासाठी बसले? त्यांनी क्रूस उचलला होता. तो तू खाली आपटू नकोस.

त्या बाईसाठी मी रोज प्रार्थना करतो, असे तिला सांग.

चार तारखेला ये. झगा पाठवत नाही, भावजयीने जमवला आहे.

तुझाच,
धाकटा

•

ता. २० ऑक्टोबर

धाकट्यास,

या खेपेला आशीर्वाद राहू दे.

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी काही केलं नाही. चूलसुद्धा पेटवली नाही. दुसऱ्या दिवशी ह्यांचा कोट काढला, झटकला, पुन्हा ठेवला. मग चीड आली, आणि चीड आली की मला बरं वाटतं, तुला ठाऊकच आहे.

माझं माहेर राखलं होय रे त्यांनी? मग ते माहेर कसं होतं ते सांगते. दर सुट्टीत तू यायचास. ह्यांच्या शेजारी पाट मांडून जेवायचास, ताई, दाजींना वाढ अजून, दाजी, घ्या अजून. आणि निघताना दारात मला बाजूला घेऊन म्हणायचास, ताई, दाजींना समजाव, एकदा कबूल करून टाका म्हणावं, मेजावर तरी बसता येईल. माझ्या डोळ्यांत पाणी यायचं, केवढी माझ्या भावाला माया! आणि मी आत जाऊन ह्यांना सांगायचे. तुझं नाव घेऊन सांगायचे. धाकटा म्हणतोय, कबूल करा. हे मान खाली घालून ताट पुसायचे आणि म्हणायचे, बरं बोलतो तो.

माझ्या तोंडून तू त्यांना मारत होतास, आणि ते तुझ्यासाठी जेवायला थांबत होते. क्रूस उचलला म्हणतोस? त्यांनी उचलला नाही. तू त्यांच्या खांद्यावर टाकलास आणि वर शेजारून चालत त्यांना उपदेश केलास.

ते खोटं बोलले. बोलले तर बोलले. त्यांच्या खोट्याचं देवाला काय सांगायचं ते मी गेल्यावर बघीन, माझी आणि त्याची तशी बोलणी पुष्कळ राहिली आहेत. मंडळीनं त्यांना लबाड म्हणायचं असेल तर खुशाल म्हणावं, पण मेहुण्यासाठी खोटं बोलणारा म्हणावं. बाईचा हात तोडणारा म्हणू नये. या दोन्हींत फरक आहे, आणि तो तुझ्यासारख्या शिकलेल्याला मी लिहून दाखवायला नको.

मी पाळकांकडे गेले होते. हे नवे आहेत, माणूस वाईट नाही, पण घाबरट. म्हणाले, ज्यानं केलं त्यानं स्वतः येऊन मंडळीपुढे सांगितलं तरच पंच ऐकतील, बायकोच्या सांगण्यावरून नाव वाचता येणार नाही. तेव्हा मला तू लागतोस. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच तू माझ्या काही कामाचा आहेस.

आता नीट वाच. माहेर मला नको. ह्यांनी ठेवलं होतं, मी आज मोडलं, झालं. माझ्या घरी जेवायला येऊ नकोस, भावजयीलाही सांग. पण अठ्ठावीस तारखेला चर्चमध्ये ये. पंचांपुढे उभा राहा, मालक काठी टेकत आला असेल त्याच्याकडे बघ, तार मी बांधली म्हण, दाजींचं पुरं नाव घे, आणि चादरवाली विचारील त्याचं उत्तर दे. प्रार्थना करतोस हा तुझा निरोप मी तिला दिला. ती हसली. तिला हसताना मी पहिल्यांदा बघितलं, पुन्हा बघायची इच्छा नाही.

नाही आलास तर तुझं आमंत्रण मी धरून चालते. चार तारखेला मी येईन, पहिल्या बाकावर बसेन, मोठं माणूस म्हणून तुझ्या डोक्यावर हातही ठेवीन. चादरवाली माझ्या शेजारी असेल. मी तिला विचारलं, एवढ्या लांब येशील का, तर तिनं त्याच दिवशी नव्या चपला घेतल्या. तुझ्या मंडळीत साक्षी कुणालाही देता येतात ना? तिला बोलायचं आहे. तिची साक्ष पुरी आहे, कोपरापर्यंत.

तू तिथं रडलास तर तुझी दीक्षा जाईल. इथं रडलास तर ह्यांना नाव मिळेल. कुठे रडायचं ते तू ठरव.

शुक्रवारच्या टपालापर्यंत मला उत्तर हवं. येतोस की नाही, एवढंच लिहायचं. शास्त्रातलं काही लिहू नकोस, माझ्यासाठी प्रार्थना करतोस असं तर मुळीच लिहू नकोस. लोभाचं नंतर बघू. शुक्रवार.

ताई