वाटसरूचा वारस

मी, वय एक्क्याऐंशी, व्यवसाय अद्भुत कादंबऱ्या लिहिणे, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्या दडपणाखाली न येता हे मृत्युपत्र करतो. शुद्धीची खात्री डॉक्टरांनी केली आहे. अकरा पुस्तकांत आभाळातून घोडे पळवले, एवढ्यावरून कोणी शंका काढू नये.

१. राहते घर व बँकेतील शिल्लक माझ्या एकुलत्या लेकीस. जिन्याची तिसरी पायरी वाजते; ती दुरुस्त करू नये. हिची आई वर येताना मला तिथेच कळायची.

२. जुन्या चित्रपटांच्या कॅसेटी माझ्या वर्गमित्रास, म्हणजे समीक्षकास. हा भर सभेत म्हणाला होता, "याचा नायक, तो वाटसरू, म्हणजे टोपी काढलेला काऊबॉय, हातात सामुराईची तलवार!" बरोबर आहे, गड्या. धुळीच्या रस्त्यावर समोरासमोर उभे राहिलेले दोन बंदूकवाले मी घेतले आणि त्यांचे मांत्रिक केले. दुकानांची दारे धडाधड बंद होतात ती मात्र तशीच ठेवली. धनी मेलेला योद्धा घेतला, वार करण्याआधीची त्याची शांतता घेतली. पण घोडा भुजंगप्रयातात दौडतो, तो आमच्या मास्तरांचा. बाकावर ताल धरून कविता म्हणायला त्यांनीच शिकवले. आणि राक्षस खोकतो, तो माझा दमा. उसने आणले, पण घरचे विरजण लावून दही केले.

३. प्रकाशकास छापलेल्या अकरा पुस्तकांच्या पुढील आवृत्त्या काढण्याची मुभा. वाटसरू मात्र त्यांचा नाही. "तुमच्यामागे दरवर्षी एक लिहून घेऊ की कोणाकडून तरी," असे ते माझ्यासमोर, माझाच चहा पिता पिता म्हणाले. वाटसरू म्हणजे भाड्याची सायकल नव्हे.

४. आता मुख्य मिळकत. बारावी कादंबरी शेवटचे पान सोडून पूर्ण आहे. राक्षस मेला आहे, वाटसरू वेशीपाशी उभा आहे आणि पाणक्याची विधवा बहीण त्याला "राहा" म्हणाली आहे. अकरा वेळा तो टेकडीपलीकडे निघून गेला, कारण त्याचे दोन्ही पूर्वज, काऊबॉय आणि सामुराई, तसेच जात. तेवढ्यावर मी डोळे पुसत आलो. परवा टंकन करताना लेक म्हणाली, "बाबा, हा गेल्यावर त्या गावाचं काय होतं, कधी पाहिलंत का मागे वळून?"

"अगं, जाण्यातच तर कविता आहे."

"कविता तुम्हाला. विहीर कोण उपसणार?"

साठ वर्षांत हे मला कोणी विचारले नव्हते.

म्हणून वाटसरू, त्याची तलवार, घोडा व ते कोरे पान मी लेकीस देतो, विनाअट. त्याला ठेवायचे की धाडायचे, ते तिने ठरवावे. तिचा शेवट तोच खरा शेवट; त्यावर प्रकाशक, समीक्षक वा माझे भूत यांचा कसलाही हक्क नाही.

लाभार्थी असल्याने सहीच्या वेळी तिला स्वयंपाकघरात बसवले आहे. तिथूनही विचारते आहे, "घोडा बांधायला जागा कुठे धरू?" मी उत्तर देणार नाही.

(सही) लिहून देणार

साक्षीदार:
१. वर्गमित्र, समीक्षक (सही). कॅसेटी सहीआधीच हातात दिल्या, म्हणून आता लाभार्थी नाही.
२. डॉक्टर (सही). शेवट आत्ताच सांगा म्हणतात. थांबावे.

स्थळ: माझी लिहिण्याची खोली. टेबल लेकीसाठी रिकामे केले आहे.
दिनांक: १९ नोव्हेंबर