ओल्या छताची घडी

लडलो, ७ जून

प्रिय जाइल्स,

प्रिय हे बहिणीच्या सवयीने लिहिलं गेलं, आता खोडायचा कंटाळा आला म्हणून राहू देते. फोन केला असता तर तू नेहमीसारखा हसून विषय बदलला असतास आणि मीही हसले असते. म्हणून कागद. नीट बसून वाच.

गेले तीन आठवडे डॅडनी गॅरेजचं दार उघडलेलं नाही. गाडी चालवणं त्यांनी मार्चमध्येच सोडलं, डॉक्टरांनी स्मरणशक्तीचं सांगितलं त्याच दिवशी. मला म्हणाले, चालव तू, मी शेजारी बसून चुका काढतो. पण गाडीच्या दुमडत्या कापडी छताचं काम त्यांनी स्वतःकडेच ठेवलं होतं. तुला ते कधी कळलं नाही, कारण कामाच्या वेळी नेमकं तुझ्या पोटात दुखायचं. आधी कोरड्या ब्रशने विणीच्या दिशेने धूळ काढायची. मग कोमट पाणी, नावाला साबण, आणि शिवणीतल्या हिरव्या शेवाळासाठी दात घासायचा जुना ब्रश. दिवसभर वाळू द्यायचं. मग काचांवर आणि रंगावर वर्तमानपत्रं चिकटवून, कापडात पाणी मुरू नये म्हणून औषधाचे दोन हात मारायचे. शेवटी कपभर पाणी ओतायचं आणि थेंब मण्यांसारखे घरंगळले की मला हाक. माणसांची नावं विसरतात, वार विसरतात, पण इथे त्यांचा हात एकदाही चुकला नव्हता. "हे जमतंय ना, तोवर मी आहे गं," असं म्हणायचे.

एप्रिलच्या शेवटी तू गाडी मागितलीस. तुझ्या बायकोच्या, इमोजेनच्या, बहिणीच्या लग्नात मिरवायचं होतं. चावी देताना डॅडनी एकच गोष्ट सांगितली, तीही दोनदा. छत ओलं असताना दुमडायचं नाही. तू हो हो म्हणालास. सोमवारी गाडी परत आली, छत खाली दुमडलेलं. टपालाच्या फटीतून चावी आत टाकलीस आणि चहालाही थांबला नाहीस. मला वाटलं, घाईत असशील.

मेच्या मध्यावर डॅडनी धुवायला म्हणून छत वर ओढलं. घड्यांमध्ये बुरशीचे काळे डाग, कुबट वास, मागची शिवण उसवलेली आणि मधलं कापड पार पिंजलेलं. हातातला ब्रश त्यांनी बादलीत सोडून दिला. तुझा संशय त्यांच्या मनालाही शिवला नाही. तू हो म्हणाला होतास ना. त्यांनी ठरवून टाकलं की गाडी परत आल्यावर त्यांनीच ती धुतली, ओलीच मिटली आणि सगळं विसरून गेले. तेव्हापासून किटली लावू का, हेसुद्धा मला विचारतात. कुलूप चारदा ओढून बघतात आणि तरी माझ्या तोंडाकडे पाहतात.

परवा इमोजेनने लग्नाचे फोटो पाठवले. बिचारीने कौतुकाने पाठवले. एकात तू पेट्रोल पंपावर, गाड्या धुवायचा तो जोरदार फवारा छतावर रोखून, दात काढून हसतोयस. दुसऱ्यात छत खाली, तुम्ही दोघं उन्हात, डोळ्यांवर काळे चष्मे. दोन्ही फोटोंच्या वेळांमध्ये अकरा मिनिटं. मी मोजली.

तू गाढव आहेस हे मला लहानपणापासून माहीत आहे. नुसता गाढवपणा असता तर मी चार शिव्या घालून सोडून दिला असता. पण मी फोनवर तुला सांगितलं, डॅडकडून छत खराब झालं, ते फार खचलेत. तेव्हा तू काय म्हणालास, आठवतंय? "वय झालंय गं त्यांचं." कशी जीभ झडली नाही रे तुझी?

आता हे पत्र कशासाठी, ते ऐक. बुधवारी डॅड सह्या करणार आहेत. श्रूजबरीच्या वृद्धाश्रमात त्यांनी स्वतःहून खोली बघितली आहे. घर सोडायचं म्हणतात. "ओलं छत मिटणाऱ्या माणसाने स्वतःच्या भरवशावर राहू नये, हेस्टर." आणि माझंही एक पाप आहे, तेही तुला सांगते. त्या दिवशी गॅरेजमध्ये त्यांनी मला विचारलं होतं, "मी असं करेन का गं?" त्यांना फक्त "नाही" एवढंच ऐकायचं होतं. मी म्हणाले, "केलं असेल, डॅड. होतं असं." फोटो मीही दाखवू शकते, पण तुझ्या शब्दावर त्यांनी स्वतःला खोटं ठरवलंय, तेव्हा हे तुझ्याच तोंडून ऐकू दे त्यांना. रविवारी ये. फुलं नकोत, वाइन नको. गॅरेजमध्ये उभा राहा आणि सांग की हे तू केलंस. तुझं झालं की मी माझं सांगेन. त्यांचा ब्रश मी धुऊन वाळत ठेवला आहे.

तुझीच, इलाज नाही म्हणून,
हेस्टर