दोन इंच खोली न पाडण्याबाबत

प्रति,
मा. मुख्याधिकारी साहेब,
नगरपंचायत कार्यालय, निंबगव्हाण,
जि. अमरावती.

विषय : श्रीमती माणिकबाई खुशालराव खेरडे, वॉर्ड क्र. ४, यांच्या घराच्या दोन खोल्या येत्या सोमवारी न पाडणेबाबत; कारण त्या खोल्या नसून इंच आहेत.

संदर्भ : १) आपली नोटीस, जा.क्र. अतिक्रमण/११७, दि. १५/०९/२०२५.
२) अर्जदाराचे बिल क्र. ३१, दि. २१/०८/२०२५.

अर्जदार : गजेंद्र देवमन धर्माळे, वय ४३, रा. परतवाडा. धंदा : घराच्या भिंतींना बाहेरून पीव्हीसीच्या पट्ट्या बसवणे.

महोदय,

१. सदर अर्ज अर्जदाराने स्वतःच्या हाताने लिहिला आहे. आपल्या कार्यालयासमोर टेबल टाकून अर्ज लिहून देणारे गृहस्थ आहेत, त्यांनी एवढेच शिकवले की 'मी' लिहू नये, 'अर्जदार' लिहावे. 'मी' लिहिले की साहेब लोकांना भांडण वाटते. अर्जदाराला भांडायचे नाही. अर्जदाराने एक शब्द चुकीच्या जागी लिहिला आणि त्यापायी एका बाईचे घर जाण्याची वेळ आली आहे, हे सांगायचे आहे. आज शुक्रवार. उद्या, परवा कार्यालय बंद. पथक सोमवारी सकाळी अकराला येणार. म्हणजे जे काही व्हायचे ते आजच, आपल्या सहीने होऊ शकते, ही गोष्ट आधी ध्यानात घ्यावी ही विनंती.

२. अर्जदार पंधरा वर्षांपासून हा धंदा करतो. झडीचा पाऊस ज्या अंगाने येतो त्या अंगाच्या भिंतीला बाहेरून पट्ट्या ठोकल्या की भिंत वाचते, एवढा साधा हा धंदा आहे. पूर्वी अर्जदार कॅलेंडरच्या पाठीमागे बिल लिहीत असे : "भिंत एक, बसवली, गजू." त्या बिलापायी पंधरा वर्षांत कोणाच्या घराची वीटही हलली नाही. नको ते शहाणपण मागच्या वर्षी अकोल्यात सुचले. तिथे शेखर साहेब म्हणून एक निवृत्त इंजिनीअर आहेत, त्यांच्या बंगल्याचे काम केले. त्यांनी बिल हातात घेतले आणि परत दिले. म्हणाले, "गजेंद्र, हे काय बिल झालं? कोणती भिंत, किती लांब, किती उंच, पट्टी भिंतीपासून किती पुढे, काहीच नाही. बिल वाचून घर डोळ्यांसमोर उभं राहिलं पाहिजे."

अर्जदाराला ते पटले. त्याने अकोल्यातच एका छापखान्यात नवीन बिलबुक छापून घेतले, त्यात चार रकाने पाडले : कामाचे ठिकाण, लांबी, उंची, खोली. विहिरीची असते ती खोली. भिंत आणि पट्टी यांच्यामध्ये जी पोकळी राहते, ती किती खोल, एवढाच त्याचा अर्थ. 'जाडी' लिहिता आले असते, पण जाडी पट्टीची असते, पोकळीला जाडी कशी म्हणणार, असा अर्जदाराने फार विचार केला. इतका विचार केला नसता तर बरे झाले असते. बिल वाचून आपल्या कार्यालयाच्या डोळ्यांसमोर घर उभे राहिले खरे, फक्त दोन खोल्या जास्तीच्या उभ्या राहिल्या.

३. श्रीमती माणिकबाई ह्या एकट्या राहतात. नाल्याकाठच्या अर्ध्या एकरात वांगी, सांबार म्हणजे कोथिंबीर लावतात आणि चांदूर बाजारच्या बाजारात नेऊन विकतात. त्यांचे घर बाहेरची एक खोली आणि आतली एक, असे आहे. बाजूची भिंत विटांची, मागची मातीची. जुलैच्या झडीत मागच्या भिंतीचा पोपडा सुटला. आधी फक्त बाजूच्या भिंतीचे काम ठरले होते, पण मागच्या भिंतीची दशा पाहून तेही काम करायचे ठरले. माती दमट राहू नये म्हणून मागे दोन इंची चौकोनी पाइपची चौकट मारून वर पट्ट्या बसवल्या. पोळ्याच्या आदल्या दिवशी काम संपले. त्या म्हणाल्या, "बिल साफ लिवून देजो बाप्पा. ऑफिसात द्या लागते, नुकसानीच्या अर्जासंगं. मले वाचता येत नाई, पन त्यायले तं येते." अर्जदाराने आयुष्यात लिहिले नव्हते इतके साफ बिल लिहून दिले. दुसरी ओळ अशी :

वाढीव काम, मागील बाजू. लांबी १८. उंची ९. खोली २.

लांबी-उंचीवर फुटाची एक-एक टिकली आणि दोनवर इंचाच्या दोन टिकल्या अर्जदाराने दिल्या होत्या. झेरॉक्समध्ये सगळ्या टिकल्या उडाल्या. 'वाढीव काम' म्हणजे आधी न ठरलेले, मागून ठरलेले काम. सगळे मिस्त्री असेच लिहितात. बिलाचा पैसा माणिकबाईंनी त्याच दिवशी चुकता केला, त्याबद्दल कोणाचीच कोणाविरुद्ध तक्रार नाही.

४. त्या बिलाची झेरॉक्स माणिकबाईंनी स्वतःच्या हाताने आपल्या कार्यालयात दिली. त्या भिंतीच्या नुकसानीची मदत मागायला आल्या होत्या. उत्तरादाखल दि. १५ ची नोटीस मिळाली, ती अशी : "मागील बाजूस १८ फूट लांब व ९ फूट उंच अशा दोन वाढीव खोल्यांचे बांधकाम विनापरवाना केल्याचे आपणच सादर केलेल्या देयकावरून दिसून येते. सात दिवसांत सदर दोन खोल्या स्वतःहून पाडाव्यात, अन्यथा पथकामार्फत पाडण्यात येतील."

महोदय, त्या घरात मुळात खोल्याच दोन आहेत. पथक सोमवारी दोन खोल्या पाडायला जाईल, तर ज्या दोन दिसतील त्याच पाडेल. आणि मागच्या भिंतीपासून दोन पावलांवर नाला आहे, तिथे तिसरी खोली बांधायची तर पाण्यात बांधावी लागेल.

५. नोटीस मिळताच माणिकबाईंनी शेजाऱ्याच्या फोनवरून विचारले, "गजूभाऊ, माह्या घरात कोनत्या दोन खोल्या वाढवल्या तू? मले तं एकच दाखोल्ती चौकट." दुसऱ्याच दिवशी, बुधवारी, अर्जदार आपल्या कार्यालयात हजर झाला. संबंधित लिपिकांना त्याने सांगितले की दोन असत्या तर 'खोल्या दोन' लिहिले असते, 'खोली दोन' कोण लिहिते? नववीपर्यंत शिकलेल्या माणसाला एवढे अनेकवचन येते. लिपिक म्हणाले, "भाऊ, इकडचे लोक 'दोन भाकर' बी लिवतात आन 'दोन भाकरी' बी. व्याकरनावर निकाल देत नसतात. कागदावर खोली हाये, म्हंजे खोली हाये."

अर्जदाराने तिथल्या तिथे सुधारित बिल लिहून दिले : "खोली २ इंच". लिपिकांनी ते आधीच्या झेरॉक्सशेजारी ठेवले आणि नोटीस गेल्यानंतर बिलात फेरफार झाल्याचा शेरा मारला. मग त्यांच्याच सांगण्यावरून अर्जदाराने दाखला लिहून दिला की सदर घरात वाढीव खोली नाही. त्यावर विचारणा झाली की ती केव्हा पाडली, आणि मलबा कोठे टाकला त्याची पावती कोठे आहे. अर्जदार म्हणाला, पाडलीच नाही. तर शेरा पडला, "खोली अद्याप पाडलेली नाही, असे देयक देणाराने कबूल केले." अर्जदाराने हात टेकले. या कार्यालयात तो जे बोलतो ते लिहिले जाते आणि जे लिहिले जाते ते त्याने बोललेलेच नसते.

६. काल गुरुवारी दोन कर्मचारी पाहणीला आले. अर्जदार तिथे होता, जिवात जीव आला होता, की डोळ्यांनी पाहतील तर मिटेल. त्यांनी बाहेरून पाहिले, आतून पाहिले, खोली दिसली नाही. मग एकाने मागच्या भिंतीच्या पट्टीवर बोटाने टकटक केले आणि दुसऱ्याला हाक मारली, "इकडं या, पोकळ आवाज येऊन राहिला. आत जागा हाये." साहेब, पोकळ आवाज येणारच. दोन इंच पोकळी आहे म्हणूनच तर बिलात खोली लिहिली! पण पंचनाम्यात नोंद झाली की खोल्या पट्ट्यांआड लपविल्याचा दाट संशय आहे, दरवाजा आढळून येत नाही. दरवाजा नसलेल्या खोलीत माणसे कशी जातात, हे अर्जदाराने विचारले. त्यांनी ते लिहून घेतले नाही.

अर्जदार म्हणाला, आता तुमच्यासमोर चार पट्ट्या उघडतो. ते म्हणाले की वादातल्या बांधकामाला हात लावला तर पुरावा नष्ट केल्याचा गुन्हा होईल. आणि माणिकबाई अर्जदारावरच ओरडल्या, "काढू नको! झड आली तं भित बसून जाईन. पाडतीन तं ते पाडतीन, तू कावून पाडतं?" चहा मात्र दिला.

७. आता जे लिहायचे ते अर्जाच्या नमुन्यात बसत नाही, पण लिहिल्यावाचून राहवत नाही. सोमवारी घट बसतात. माणिकबाईंनी वावरातली काळी माती चाळून टोपलीत आणून ठेवली आहे, गहू निवडून ठेवले आहेत. घट एकदा बसला की नऊ दिवस जागचा हलवत नाहीत, आपल्याही घरी हलवत नसतील. काल सायंकाळी अर्जदार निघताना त्या दारापर्यंत आल्या आणि एवढेच बोलल्या : "सकाळी घट बसवू आन अकरा वाजता कुठं नेऊ? आतल्या खोलीत बसवू का बाहेरच्या, तुमचे साहेब आधी कोनती पाडतीन ते इचारून सांग. नाईतं मंग थ्या तू लिवल्या तिथं बसवतो. कागदावर हायेत नं दोन माह्या? थ्या तं कोनी पाडत नाई."

त्या रागाने बोलल्या असत्या तर बरे होते. त्या खरेच विचारत होत्या, आणि अर्जदार त्यांचे घर झडीपासून वाचवायला गेला होता, ही गोष्ट त्याला रात्रभर खात होती. त्याची लाज वाटते, हे तो आपल्या कार्यालयाला लेखी देत आहे.

८. सबब, विनंती की : बिल क्र. ३१ मधील 'खोली' हा शब्द विहिरीच्या खोलीप्रमाणे वाचण्यात यावा. सोमवारची कारवाई आजच लेखी थांबवावी आणि त्या कागदावर माणिकबाईंचे नाव, वॉर्ड आणि घराचा नंबर साफ लिहावा, म्हणजे पथक चुकून शेजाऱ्याकडे जाणार नाही. चुकीची शिक्षा द्यायचीच असेल तर ती बिल लिहिणाराला द्यावी, बिल घेऊन येणारीला नको. तिने फक्त साफ लिहून मागितले होते. अर्जदाराने आजपासून रकान्याचे नाव बदलून 'भिंतीपासून अंतर, इंचात' असे हाताने लिहिणे सुरू केले आहे. शिल्लक एकोणसत्तर पानांवर तसे लिहून झाले आहे, पडताळून पाहावे.

आणि हे सगळे वाचूनही कार्यालयाच्या मते खोली पाडणे भागच असेल, तर अर्जदाराने तीही सोय केली आहे. काम करताना त्या चौकटीच्या पाइपचा एक तुकडा उरला होता. भिंत आणि पट्टी यांच्यात जेवढी जागा आहे, तेवढीच त्याची रुंदी आहे. तो सोबत जोडला आहे. साहेबांनी टेबलावरच मोजून घ्यावा आणि मग पाडावा, मोडावा, जप्त करावा. मलबा अर्जदार स्वतःच्या खिशात घालून घेऊन जाईल. पावती मात्र द्यावी.

आपल्या सहीची वाट पाहत
कार्यालयाच्या पायरीवर बसलेला, नम्र,

(सही)
गजेंद्र देवमन धर्माळे
निंबगव्हाण, दि. १९/०९/२०२५, दुपारी सव्वादोन

सोबत :
१) नोटिशीची प्रत.
२) बिल क्र. ३१ ची कार्बन प्रत. यात टिकल्या दिसतात, उजेडात धरून पाहावे.
३) मागच्या भिंतीचे फोटो, कामाआधीचा एक, नंतरचा एक.
४) श्रीमती माणिकबाई खेरडे यांचे अंगठ्यासह संमतीपत्र, की खालील अ.क्र. ५ पाडण्यास त्यांची हरकत नाही.
५) खोली, नग एक. दोन इंच.