कापून ठेवलेल्या गाठी

२ जून
आले बाई एकदाची सुरतेत! पर्वत पाटिया भागात तिसरा मजला, गॅलरीत भरपूर ऊन, शेजारी धुळ्याच्या सुषमावहिनी. नवरा, श्रीरंग, पलसाण्याच्या डाइंग मिलमध्ये सुपरवायझर. माणूस लाघवी, पण घर म्हणजे भंगारवाल्याचं गोदाम! साड्यांचे रिकामे खोके, कटपीस, बंद पडलेले मिक्सर, घासून टक्कल पडलेले टूथब्रशसुद्धा. म्हटलं, थांब, आठवड्यात घर आरशासारखं करते. तो नुसता हसला.

याला बहीण नाही, त्यामुळे लग्नातली शेला-उपरण्याची गाठ सोडायला नणंदच नव्हती. यानं सरळ दोन्ही बाजूंनी कात्री चालवली आणि गाठ जपून ठेवली. आईचा चेहरा पडला. गाठ सोडायची असते, कापतात होय? मला मात्र तेव्हा त्याचं कौतुकच वाटलं.

७ जून
बोहारीण आली होती. त्याचे विटके शर्ट दिले, छान स्टीलचं पातेलं मिळालं. संध्याकाळी हा पातेलं घेऊन तिला शोधत लिंबायतपर्यंत गेला आणि सगळे शर्ट परत आणले! वर डोळ्यांत पाणी. म्हणाला, गेलेलं परत येत नाही, म्हणून जाऊच द्यायचं नाही. मी कपाळावर हात मारला. भांडले, मग वाईटही वाटलं. पहिली बायको माहेरी गेली ती परत आलीच नाही, हे त्यानं लग्नाआधीच सांगितलं होतं.

१२ जून
हा मिलच्या कामानं बाहेरगावी गेलाय, परवा संध्याकाळी येणार. माळ्यावर बिस्किटांचा डबा सापडला. आत कापलेल्या लग्नगाठी. आमची नाही, दुसऱ्याच. तीन! एकच बायको म्हणाला होता ना हा?

राग असा आला की तिथंच बसून एक सोडली. आतून अक्षता पडल्या, हळद अजून ओली. आणि स्वयंपाकघरात बांगड्या वाजल्या.

१३ जून
ती ओट्याशी उभी आहे. हिरवी साडी. तांदूळ धुतेय. भुसावळची गाडी गेली का, एवढंच विचारते. सुषमावहिनींकडे पळाले. त्या रडायलाच लागल्या. पहिलीच्या मागून आणखी दोघी आल्या होत्या म्हणे. तिघींनीही माहेरी जायला पिशवी भरली, पण जिना उतरताना कुणाला दिसल्या नाहीत. तुझं नवं लग्न, कसं सांगू, म्हणाल्या. धन्य आहे वहिनी तुमची!

आईला फोन केला. उद्याच ये म्हणाली.

१४ जून
उरलेल्या दोन्ही सोडल्या. आता तिघी आहेत. म्हणतात, तुझीही सोड, तो यायच्या आत. पण माझी आहे कुठे? कपाटं, खोके, गाद्या — सगळं उपसलं. नाही.

पिशवी भरली. दार उघडलं. उंबऱ्याबाहेर पाय पडत नाही. खाली रिक्षावाला हाका मारतोय, आणि माझे पाय — मागेच येतात —

त्यांना म्हटलं, तुम्ही तरी जा गं बायांनो. तुला एकटीला टाकून कशा जाऊ, म्हणतात. वेड्या —

दुपार
लवकर आला. रागावला नाही. खाली बसून गाठी बांधतोय. एक आवळली — हिरवी साडी दिसेनाशी झाली. दुसरी. तिसरीनं माझा हात धरला होता. आता — नाही.

खिशातून माझी काढली. सैल पडलीय म्हणतो, जरा नीट —

आई, मी निघाले होते गं. पिशवी दाराशीच आ